बेचिराग

१

सरकारी कचेरीत भांडायला सकाळी जावं. साहेब नुकतेच खुर्चीत बसलेले असतात, चहा यायचा असतो आणि खोटं बोलायची तयारी अजून झालेली नसते. आयुष्यभराच्या बातमीदारीत मी एवढं एक शास्त्र शिकले आहे. कोणती कचेरी ते लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस येईल, आणि तशा नोटिसांची फाईल आता कपाटात मावत नाही.

त्या दिवशी माझ्याबरोबर साळूबाई आणि तिचा मुलगा रामकिसन होते. फुलंब्रीच्या पुढे, अजिंठ्याचा रस्ता सोडून आत डोंगराच्या पायथ्याला सावळरमणा नावाची वस्ती आहे. निजामाच्या काळात तिथं घोड्यांसाठी गवत राखलं जायचं, म्हणून रमणा. गवत राखायला आणलेली माणसं तिथंच राहिली, त्यांनी गाई वाढवल्या आणि विकल्या. पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. आता ते सगळं गायरान एका कंपनीला सौर प्रकल्पासाठी दिलं होतं. वस्तीला नोटीससुद्धा नव्हती. का नाही, ते मला कारकुनानं सांगितलं.

"मॅडम, सावळरमणा रेकॉर्डला बेचिराख आहे."

"बेचिराख नाही, बेचिराग. राखेचा काही संबंध नाही. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. ज्या शब्दावर लोकांना हुसकावता तो नीट तरी म्हणा."

"बेचिराग तर बेचिराग. कायको गुस्सा करते, मॅडम? दिवा नाही म्हणजे माणूस नाही. माणूस नाही तर नोटीस कोणाला द्यायची, भिंतीला?"

साळूबाई पुढे झाली आणि टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली, "मंग मी कोण हाय रे बाबा?"

कारकून हसला. वाईट माणूस नव्हता तो. "आजी, तुम्ही असाल हो. रेकॉर्डला नाही ना पण."

मी त्याच टेबलावर मूठ आपटली आणि जुने सगळे नकाशे काढायला लावीन असं ओरडून सांगितलं. माझा आवाज बाहेर चहावाल्यापर्यंत गेला. रामकिसन खूश झाला. साळूबाई नाही झाली. जिना उतरताना तिनं माझा दंड धरला. "नकाशे काढायचं कशापायी, बाई? नाय काढले तर चालंल की."

तेव्हा मला वाटलं, घाबरली बिचारी. माणसं कचेरीत घाबरतात.

२

हिमांशू माझ्या बहिणीचा मुलगा. नकाशांचंच काम करतो, आणि माझ्यावर एवढीच मेहेरबानी करतो की पैसे घेत नाही. मुकुंदवाडीच्या माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर त्यानं सावळरमण्याचे नकाशे पसरले. निजामाच्या काळातला एक. स्वातंत्र्यानंतरचा एक. मी कॉलेजात होते त्या सुमाराचा एक. आणि अलीकडच्या ड्रोन मोजणीचा. तिन्ही जुने कागद म्हणजे सर्वेक्षण खात्याची टोपोशीट, डोंगर तपकिरी रेषांनी, पाणी निळं, घरं लाल. ड्रोनचा नकाशाही त्यानं त्याच खुणांनी छापून आणला होता.

"वाचायला सोपं आहे, मावशी. लाल भरलेला चौकोन म्हणजे राहतं घर. नुसती चौकट, आत पोकळ, म्हणजे घर आहे पण उजाड."

मी चष्मा पुसून वाकले. चारही नकाशांत वस्ती होती. चारही नकाशांत तिची सगळी घरं पोकळ होती.

"हरामखोर," मी म्हणाले. "चारही वेळा माणसं नांदत होती तिथं."

"थांब, हे बघ. एक भरलेलं आहे."

वस्तीपासून बाजूला, एकटंच. निजामाच्या नकाशात ते पार डोंगराच्या कडेला होतं. लाल टिकलीएवढं. मला आनंद झाला. एक तर एक, राहतं घर सापडलं, पुरावा झाला. मी पुढचा कागद ओढला. तिथंही ते होतं, पण ओढ्याच्या अलीकडे. तिसऱ्यात ते चिंचांच्या रांगेजवळ होतं. ड्रोनच्या नकाशात विहिरीला लागून.

"ही वेगवेगळी घरं असतील," मी म्हणाले.

"असतील. किंवा मोजणीची चूक. जुना कागद आखडतो, खुणा सरकतात." हिमांशूनं लॅपटॉपवर चारही नकाशे एकमेकांवर बसवले. विहीर विहिरीवर बसली. ओढा ओढ्यावर. म्हसोबाचं ठाणं अगदी टोकाला टोक. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "कागद आखडला असता तर सगळंच सरकलं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चहा कर."

मी चहा केला. कप घेऊन आले तेव्हा त्यानं नकाशांची गुंडाळी करून ठेवली होती. मी नको म्हणत असताना तो ती माझ्या घरी ठेवून गेला. एरवी स्वतःचा कागद तो कोणाच्या हाती देत नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले. दगडमातीची, पत्र्याची घरं. प्रत्येक घराला माणसांपेक्षा मोठा गोठा. विजेचा खांब नाही. नकाशात उजाड असलेल्या गावाला खांब कोण देणार? रामकिसनची बायको सुरेखा शेण थापत होती. मला बघून तिनं हात न धुताच पदर सावरला. "बसा ताई. च्या ठिवते. तुमच्या पेपरात फोटू येईल का आमचा?"

"येईल. आधी मला विहीर दाखवा."

विहिरीजवळ घर नव्हतं. पडकंसुद्धा नव्हतं. जोतं नाही, दगड नाही. उन्हाळा तोंडावर आलेला, गायरान गाईंनी मुळापर्यंत खाल्लेलं, सगळं माळरान पिवळं खरवडलेलं. आणि विहिरीच्या बाजूला एका खोलीएवढ्या जागेत गवत कमरेइतकं उभं होतं. चारी कडा सरळ.

"हे गाई खात नाहीत?"

रामकिसन मान खाजवत म्हणाला, "नाय खात. पाणी प्यायला येतेत, पन त्या अंगाला पाठ करून पितेत. लहानपणी हितं नव्हतं हे. तकडं चिंचंखाली होतं."

"काय होतं?"

"गवत, ताई. दुसरं काय?"

मी वाकून आत हात घातला. गवत कोरडं होतं, बाहेर वारा होता आणि ते हलत नव्हतं. खोलगट जागा, विहिरीची ओल, काहीतरी विषारी जात. कारणं शोधायची मला सवय आहे. तिन्ही कारणं मी वहीत लिहिली.

वस्तीत परतल्यावर गोठ्यात साळूबाईला सरळ विचारलं. "मोजणीवाले आले तेव्हा तुम्ही कुठं होता? प्रत्येक वेळी सगळी घरं उजाड कशी?"

तिनं गाईच्या पाठीवरून हात फिरवणं थांबवलं नाही. "मोजनीवाला येनार म्हटलं की चूल इझवायची. दिवा मालवायचा. दाराला कडी लावून, जनावर घिऊन डोंगरापल्याड जायाचं. त्यो गेला की यायचं. सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं."

मी कपाळावर हात मारला. "शेतसारा चुकवायला! वेठबिगार चुकवायला! अहो, निजाम जाऊन किती काळ झाला. तुम्हीच स्वतःला नकाशातून पुसत आलात!"

"आसंल," साळूबाई म्हणाली.

"असेल नाही, आहे."

"तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तर आसंल."

४

सुनावणीत मी मधे मधे बोलले म्हणून मला दोनदा बाहेर काढलं. पण फेरमोजणीचा हुकूम निघाला. कंपनीच्या वकिलानं एक अट घालून घेतली. मोजणीदारानं प्रत्येक घरी स्वतः जाऊन माणूस असल्याची खात्री करायची, आणि एका घराची जरी नोंद खोटी निघाली तरी सगळी मोजणी रद्द. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "बघू मॅडम, तुमचं गाव किती खरं आहे." त्याच वेळी माझ्या डोक्यात ती कल्पना आली.

मी वस्तीवर सगळ्यांना म्हसोबापुढे गोळा केलं. "मोजणी दिवसाढवळ्या आहे. तरी प्रत्येकानं दारातल्या कोनाड्यात दिवा लावायचा. भर उन्हात. आपल्याला बेचिराग म्हणतात ना? घ्या म्हणावं चिराग. मी फोटो काढणार, पहिल्या पानावर छापणार."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. सुरेखा म्हणाली, "तेल कंचं? गोडं का करडीचं?" कोणीतरी ओरडलं, "कंपनीकडून मागव!"

साळूबाई उठून उभी राहिली. "माझ्या घरात दिवा नाय लागायचा."

"आई, बस खाली," रामकिसन म्हणाला. "लई झालं आता. पोरं शहरात जाऊन वॉचमनकी करायलीत, तुला दिव्याचं पडलंय. जमीन गेली तर ह्या गाई काय माळ्यावर बांधायच्या?"

"लावा तुमी. मी जनावरं घिऊन जानार."

"तुमचं घर उजाड लिहिलं जाईल, साळूबाई," मी म्हणाले. "एकटं तुमचंच."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. "उजाड लिवलं तर बरंच की, बाई. उजाड घरात कुनी राहाया येत नाय, आसं थोडंच हाय? पन निदान कुनी 'हाय' म्हनत नाय."

मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. हट्टी बाई, एवढंच मनात आलं. आणि हट्टी माणसांशी लढायची मला रग आहे.

५

मोजणीदार सत्यम नावाचा तरुण होता. टोपी, तिपाई, यंत्र. वस्तीत शिरला आणि थबकला. माध्यान्हीच्या उन्हात प्रत्येक दारात दिवा. उन्हात ज्योत दिसत नाही, फक्त तिच्यावरची हवा थरथरते. सगळी वस्ती तशी थरथरत होती. मी फोटो काढत सुटले.

फक्त टोकाच्या घराला, साळूबाईच्या दाराला, बाहेरून कडी होती. ती सकाळीच गाई घेऊन डोंगराच्या धारेवर गेली होती. खालून तिचं पांढरं लुगडं दिसत होतं, भोवती तांबड्या गाई. धारेपलीकडे न जाता ती वस्तीकडं तोंड करून उभी होती.

सत्यम दारोदार फिरू लागला. दारात उभा राहायचा, विचारायचा, "कोण आहे?" आतून उत्तर यायचं, "हाय!" आणि तो खूण करायचा. पोरांना त्याचा खेळच झाला; पुढच्या घरात पळत जाऊन तीच पोरं पुन्हा ओरडायची. सुरेखानं त्यांना दामटलं.

मी आणि रामकिसन विहिरीपाशी उभे होतो. त्या उंच गवताला पाठ करून, असं मला नंतर आठवलं. काही बोलताना तो अचानक थांबला.

"काय झालं?"

"नाय, काय नाय. गवत वाजल्यावानी झालं."

सत्यम घाम पुसत आला. "झालं, मॅडम. सगळी घरं भरलेली. अभिनंदन. एकही उजाड नाही."

"एक असेल. त्या टोकाचं."

"ते? नाही, तिथंही दिवा होता की. आजी बाहेर नाही आल्या, म्हातारं माणूस. मी विचारलं कोण आहे, तर आतून 'हाय' म्हणाल्या."

मी डोंगराकडं पाहिलं. साळूबाई धारेवर होती. गाईही होत्या, पण चरत नव्हत्या. सगळ्या एका दिशेला मान करून उभ्या होत्या.

"सुरेखा असेल," मी रामकिसनला म्हणाले. "जमीन जाऊ नये म्हणून तिनंच मागच्या बाजूनं जाऊन..."

"माझं नाव कशापायी घेता?" सुरेखा मागून आली, कडेवर पोर. "मी माझ्या दारात होते की. आन् सासूबाईच्या घराला मागून दार कुठंय?"

आम्ही तिघं त्या घरापर्यंत गेलो. कडी बाहेरून घातलेली होती. रामकिसननं ती काढली नाही. मीही काढ म्हणाले नाही. दाराच्या फटीतून करडीच्या तेलाचा वास येत होता.

६

फोटो पहिल्या पानावर आला. 'बेचिराग गावात भरदिवसा दिवे.' पुढे हुकूम झाला. गायरान वस्तीकडे राहिलं, प्रकल्प दुसरीकडे गेला. कंपनीच्या वकिलानं मान हलवली, पण अपिलाची वाट मोकळी ठेवून गेला. मला हर्सूलच्या एका सभागृहात शालही मिळाली.

नवा नकाशा छापून आला तो हिमांशू स्वतः घेऊन आला. आम्ही तो त्याच टेबलावर पसरला. वस्तीची सगळी घरं लाल, भरलेली. टोकाचं, साळूबाईचंही. मला रडू यायचं बाकी होतं.

"आणि बघ, ती जुनी चूकही दुरुस्त झाली," हिमांशू म्हणाला.

विहिरीजवळ चौकोन होता. पहिल्यांदाच तो पोकळ होता.

"हा चौकोन तरी कशाला आखला?" मी विचारलं. "तिथं काही नाहीच आहे. मी हात घालून पाहिलंय."

हिमांशूनं खांदे उडवले. मी सत्यमला फोन लावला. तो दुसऱ्या कुठल्या तरी माळावर होता, वाऱ्याचा आवाज येत होता.

"विहिरीजवळचं? हो मॅडम, ते शेवटी घेतलं. तुम्ही सगळे त्या आजींच्या घराकडं गेला होता ना, तेव्हा. उजाडच आहे. बुटकी खोली, दार सताड उघडं."

"आत काय होतं?"

"काही नाही. कोनाड्यात दिवा होता, विझलेला. पण वात गरम होती अजून. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटलं."

मी फोन ठेवला. हिमांशूला सांगितलं नाही. तो पोकळ चौकोनावर बोट ठेवून उभा होता, आणि मी त्याला ते बोट काढायला सांगितलं.

७

नकाशा द्यायला मी वस्तीवर गेले. ऊन उतरलेलं. साळूबाई गोठ्यात, चंद्री नावाच्या तिच्या गाईला टेकून बसली होती. मोजणी झाल्यापासून ती घरात गेली नव्हती. रामकिसन वैतागला होता. "सांगा हिला, ताई. जेवन हितं, निजनं हितं. म्हनते, घर भरलंय. लोक हसायलेत आम्हाला."

मी नकाशा तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं.

"माझं घर कंचं?"

मी दाखवलं.

"भरलेलं हाय?"

"हो."

"'हाय' कुनी म्हनलं?"

मी नकाशाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"मी तर डोंगरावर व्हते," ती हळू म्हणाली. "तुमीच बघितलं. मंग मी कुठं लिवली?" तिचं बोट घरावरून निघालं, कागदावरून सरकत विहिरीपाशी आलं आणि थांबलं. "ह्ये कुनाचं?"

"कोणाचंच नाही. रिकामं आहे."

"रिकामं," ती म्हणाली. गोठ्यातली सगळी जनावरं रवंथ करायची थांबली होती.

मी त्याच क्षणी बोलू शकले असते. त्या घराची नोंद खोटी आहे, ती बाई घरात नव्हती, मी साक्षीदार आहे, असं एक पत्र दिलं की नकाशा पुसला गेला असता. वकील त्याचीच वाट बघत होता. पण एका घराबरोबर सगळी वस्ती पुसली गेली असती. कडेवरचं पोर घेऊन सुरेखा दारात उभी होती. जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी चव्हाट्यावर मांडणाऱ्या मी नकाशाची घडी घातली आणि रामकिसनच्या हातात दिली.

साळूबाईनं माझ्याकडं बघून मान डोलावली. तिला कळलं होतं, आणि तिनं माझ्यावर राग धरला नाही. तो तिनं धरायला हवा होता. ती उठली, चंद्रीचं दावं सोडलं आणि विहिरीच्या वाटेला लागली.

"कुठं निघाली?" रामकिसन ओरडला.

"पानी पाजून येते."

मी गाडीकडं जाताना तिच्या घरावरून जावं लागलं. कडी आता काढलेली होती. दार हातभर उघडं. आत अंधार आणि अंधारात कोनाड्यातला दिवा, स्थिर. तेवढ्यात त्याच्यापुढून काहीतरी गेलं आणि तो क्षणभर दिसेनासा झाला. माझी सवय वाईट. मी विचारलंच.

"कोण आहे?"

"हाय," साळूबाईचा आवाज आला.

मी विहिरीकडं वळून पाहिलं. पांढरं लुगडं नुकतंच उंच गवतात शिरत होतं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसनचा फोन आला. त्याचा इतका आनंदी आवाज मी ऐकला नव्हता.

"ताई, तुमच्या सांगन्याचा गुन आला. आई घरात आली! सकाळी बघतो तर चूल पेटलेली, भाकरी थापायलीय. सगळ्या पोरांना हाका मारून जेवू घालायलीय. दिवा तेवढा मालवू देत नाय म्हनते, ऱ्हाऊ द्या तसाच."

"विहिरीवरून कधी आली?"

"कुनी बघितलं नाय. रात्रीच आली आसंल की."

"आणि चंद्री?"

मागं कोणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती, आणि एक बाई पोरांना नावानं बोलवत होती. एकेकाला. सावकाश, जणू नावं पाठ करत असावी तशी.

"चंद्री व्हय? ती याड्यावानी करायलीय, ताई. विहिरीपाशी त्या गवताकडं तोंड करून हुबी हाय कालपास्नं. हंबरायलीय. आईनं दोनदा हाक मारली, पन घराकडं येईना."